‘गंमत होती राव’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एक लांबलचक मराठी मेसेज सध्या आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. दहावीच्या बॅचचा ग्रुप असो, गल्लीतल्या क्रिकेटवाल्यांचा असो की गणेश मंडळाचा, कुठून ना कुठून येतोच. लिहिणाऱ्याचं नाव नाही. कुठल्याशा कॉलेजात एका मुलाला चिडवण्यावरून भांडण झालं आणि त्यानंतर कोणीतरी तो लिहिला, असं सुरुवातीवरून दिसतं. म्हणणं थोडक्यात असं: ‘छक्का’, ‘बायल्या’, ‘होमो’, ‘मीठा’, ‘पावणेआठ’ हे समलिंगी, तृतीयपंथी किंवा बायकी वाटणाऱ्या माणसांना हिणवणारे शब्द आता दोस्तीतले झालेत, त्यांच्या मूळ अर्थाशी आता कोणाला देणंघेणं नाही, इंग्रजीतही असंच चालतं, मराठवाड्याची भाषाच रांगडी, इथे शिवीशिवाय माया कळत नाही, शिमगा आणि तमाशा ही आपलीच परंपरा, ज्याची चेष्टा होते तोही हसतो, आणि नसेल आवडत तर त्याने तसं सांगावं, तसंही आपल्यात ‘तसलं’ कोणी नाही, हे भावना दुखावण्याचं खूळ बाहेरून आलंय. शेवटची ओळ अशी की ज्याला जोक कळत नाही त्याने खुशाल ग्रुप सोडावा.

मी लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो. हा मेसेज शिक्षकांच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहायला बसलो. मेसेज अडाणी माणसाने लिहिलेला नाही. त्यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यामुळेच तो लोकांना पटतो.

आधी अर्थाचं बघू. वापरून वापरून शब्द झिजतो, हे खरंच. ‘ग’वरून सुरू होणारी जी शिवी आपल्याकडे ड्रायव्हर गाईला देतो, गाय आडवी आणणाऱ्याला देतो आणि जुना दोस्त भेटला की त्यालाही देतो, तिचा मूळ अर्थ त्या क्षणी कोणाच्या डोक्यात नसतो. मान्य. पण शब्द झिजला की तो कुठेही, कोणालाही, कशालाही चालतो. मेसेजमधले शब्द तसे चालत नाहीत. ते कधी तोंडात येतात तेवढं बघा. पोरगं रडलं, तेव्हा. गॅदरिंगला नाचात भाग घेतला, तेव्हा. गाडी चाळीसच्या पुढे नेली नाही, बियर नको म्हणाला, मारामारीतून बाजूला झाला, मुलींशी नुसतं नीट बोलला, आवाज बारीक आहे, चालताना हात हलतो, तेव्हा. दहावीला अठ्ठ्याण्णव टक्के पाडले म्हणून कौतुकाने ‘काय बायल्या आहेस लेका’ असं कोणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. म्हणजे अर्थ पुसला गेलेला नाही. पुरुषाने कसं चालावं, बोलावं, प्यावं आणि कोणावर लाइन मारावी याची हद्द आखायला तो अर्थ रोज वापरला जातो, आणि पोरं ती हद्द पाचवी-सहावीपासून पाठ करतात.

‘बायल्या’चं तर आणखीच अजब. मोर्चा असला की अधिकाऱ्याच्या टेबलावर बांगड्या ठेवायच्या, म्हणजे तू नामर्द. बीडच्या तांड्यावरून दरवर्षी ऊस तोडायला कारखान्यावर जाणाऱ्या जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल दोघांच्या नावावर, खाडा झाला तर दंड दोघांना. त्यातली बाई पहाटे भाकरी थापून फडात उतरते आणि उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढते. हातात बांगड्या असतात. ती फळी एकदा मोर्चातल्या पुढाऱ्याने चढून दाखवावी. असो, विषय तो नाही.

इंग्रजीचा दाखला मेसेजमध्ये मोठ्या ऐटीत दिलाय: तिकडे ‘गे’ म्हणजे ‘फालतू’ असा अर्थ झालाय आणि बीबीसीनेही ते मान्य केलंय. घटना खरी आहे. २००६ मध्ये बीबीसीच्या रेडिओ वनवर ख्रिस मॉइल्स या निवेदकाने एका रिंगटोनला ‘गे’ म्हटलं, तक्रारी झाल्या, आणि बीबीसीच्या समितीने निर्णय दिला की इथे शब्दाचा अर्थ ‘फालतू’ असा होता, समलिंगी लोकांचा द्वेष त्यात नव्हता. मेसेज इथे थांबतो. दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, अमेरिकेत ग्लसेन ही शाळांमध्ये काम करणारी संस्था आणि ॲड कौन्सिल यांनी नेमक्या याच वापराविरुद्ध टीव्हीवर जाहिराती केल्या. एका जाहिरातीत हिलरी डफ ही अभिनेत्री दुकानात कपडे बघताना ‘किती गे आहे हे’ म्हणणाऱ्या मुलींना टोकते. ती गरज का पडली? कारण शाळेतल्या मुलांच्या कानावर तो शब्द दिवसभर पडत होता. आणि बीबीसीच्या समितीचं म्हणणं नीट वाचलं तर ते काय सांगतं? की माणसांच्या एका गटाचं नाव आता टाकाऊ वस्तूचं नाव झालंय. तुमच्या गावाचं किंवा आडनावाचं असं झालं, पंचायतीने ‘यात गावाबद्दल वाईट काही नाही’ असं लिहून दिलं, तर ते कागदाचं भेंडोळं घेऊन तुम्ही समाधानाने घरी जाल का?

आता रांगड्या भाषेचा मुद्दा. माझ्या मते मेसेजचा सगळा जीव इथे आहे, आणि मला तो मनापासून आवडतो, म्हणून जरा थांबून बोलतो. आमच्याकडे बोलणं मोकळंढाकळं आहे, पुण्याच्या माणसाला ते आंगावर आल्यासारखं वाटतं, हे खरं. दोन मित्र भेटल्यावर ‘कसा आहेस’ विचारायच्या आधी एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करतात आणि मग एकाच कपात चहा पितात. ही माया खोटी नाही. पण मराठवाड्यात चेष्टा म्हणजे वाट्टेल ते, वाट्टेल त्याला, असं कधीच नव्हतं. चेष्टेची नाती ठरलेली होती. मेहुण्याची करायची, व्याह्याची करायची, भावजयीने दिराची करायची. सासऱ्याची नाही, आणि घरी नुकतंच मयत झालेल्याची नाही.

बीड जिल्ह्यात केज तालुक्यात विडा नावाचं गाव आहे. तिथे धुळवडीला गावच्या जावयाला गाढवावर बसवतात, गळ्यात चपलांचा हार घालतात आणि वाजतगाजत गावभर फिरवतात. दिवस जवळ आला की जावई पळ काढतात, आणि गावातली पोरं त्यांना शोधून धरून आणतात. वर्तमानपत्रांत दरवर्षी फोटो येतो. याहून मोठी फजिती कुठली असेल? पण मिरवणूक संपली की त्याच जावयाला नवे कपडे चढवतात, सोन्याची अंगठी देतात. आणि तो गावचा जावई आहे हे तर मिरवणुकीच्या आधीही सगळ्यांना ठाऊक असतं. त्याची किंमत त्या गावात एवढी आहे की गाढवावर बसूनही ती कमी होत नाही.

चेष्टेचं गणित हे असं आहे: ज्याची केली त्याला उलट करता आली पाहिजे. मेहुणा तुमची करतो, तुम्ही मेहुण्याची करता. ‘टकल्या’ म्हटलं तर टकल्या ‘ढेरपोट्या’ म्हणतो आणि हिशेब मिटतो. टक्कल सगळ्यांना दिसतं, तो ते लपवत नाही, आणि त्यावरून त्याला कोणी घराबाहेर काढणार नाही. ‘छक्का’ किंवा ‘होमो’ म्हटलेल्या पोराने काय परत करायचं? ‘नाही, मी नाही’ म्हटलं तर ‘नाही’ म्हणून रोज सिद्ध करत बसायचं. ‘हो, आहे, मग?’ म्हटलं तर त्या रात्रीपासून त्याची खोली बदलणार, मेसमध्ये त्याच्या शेजारचं ताट उचललं जाणार आणि वॉर्डनचा फोन गावाकडे जाणार. गप्प बसलं तर गप्प बसण्याचाही अर्थ लावला जातो. तिन्ही बाजूंनी कोंडलेल्याला परतफेड कशी जमायची? ज्या चेष्टेचं उत्तर देणं म्हणजे आपली सगळ्यांत जपलेली गोष्ट चव्हाट्यावर मांडणं, ती चेष्टा आमच्या रांगड्या भाषेच्याही नियमात बसत नाही.

याच मुद्द्याला जोडून आणखी एक. ‘प्रेमाने म्हणतो, त्याला वाईट वाटत नाही’ हे वाक्य या मुलखाने आधीही ऐकलंय. आमच्या आजोबांच्या पिढीत गावकुसाबाहेरच्या माणसाला त्याच्या जातीवरून हाक मारायचे. म्हातारा असला तरी एकेरीत. विचारलं तर हेच उत्तर: गावची रीत आहे, कोणाच्या मनात काही नसतं, तो बघा हसून ‘जी’ म्हणतोय. तो ‘जी’ कशापोटी होता हे त्याच्या नातवंडांनी नंतर सांगितलं. १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा आला, तेव्हा कुठे जातिवाचक शिवी हा गुन्हा आहे हे पाटलाच्या ओसरीला कळलं. आणि एका विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत ज्या मराठवाड्यात माणसांनी मार खाल्ला, घरं जळताना पाहिली, जीव गमावले, तिथल्या माणसाने तरी ‘नुसत्या शब्दाने काय होतंय’ असं म्हणायला धजू नये.

ही दोन दुःखं एका मापाची नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. जातीवरून हिणवलेलं पोरगं घरी गेलं की घरात त्याच जातीचे आईबाप असतात, त्याच्या बाजूचे. शिवी दारापर्यंत येते, आत येत नाही. या दुसऱ्या पोराला घरीही तोच शब्द ऐकू येतो. टीव्हीवर कोणी नटून आलं की वडील तोच शब्द उच्चारून चॅनल बदलतात, आणि काका हसतात.

‘तोही हसतो’ आणि ‘नसेल आवडत तर सांगावं’ हे दोन मुद्दे एकत्रच घेतो, कारण दुसरा पहिल्याने आपोआप खोटा पडतो. तो हसतो, बरोबर आहे. माझ्या वर्गात बसणारी मुलं जालन्याची, हिंगोलीची, देगलूरची, परांड्याची. लातूर पॅटर्नच्या नावावर आईबापांनी सोळाव्या वर्षी त्यांना ट्यूशन एरियातल्या एका खोलीत तिघंतिघं ठेवलेलं असतं. त्याच दोघांबरोबर दोन वर्षं झोपायचं, जेवायचं, आजारी पडायचं. अशा ठिकाणी हसणं हा सगळ्यांत स्वस्त मार्ग असतो. एका मुलाला आमच्याकडे सगळे ‘ताई’ म्हणायचे. हजेरी घेताना त्याचं नाव आलं की मागून बारीक आवाजात ‘ओ’ यायचं, वर्ग हसायचा, तोही हसायचा. टेस्टमध्ये मार्क चांगले होते. पुढे तो हजेरीला येईना; कळलं की क्लास बदलला. दुसऱ्या क्लासला त्याच्या खोलीतलं कोणी जात नव्हतं, एवढंच त्या क्लासचं वैशिष्ट्य. कारण विचारलं तर म्हणाला, घरून लांब पडत होतं सर. खोली होती तिथेच होती.

आता ‘सांगावं’ म्हणजे कोणाला सांगावं? शिक्षकांना? मेसेजखाली अंगठे देणारे आम्हीच. सरांनीच वर्गात ‘बांगड्या भरल्यात का रे’ म्हटल्यावर पोरगं सरांकडे तक्रार घेऊन येईल ही अपेक्षा फारच भाबडी आहे. शिक्षकांना कोणी शिकवलेलंही नाही. २०२१ मध्ये एनसीईआरटीने शाळांमध्ये ट्रान्सजेंडर मुलांना कसं सामावून घ्यावं याची शिक्षकांसाठी पुस्तिका वेबसाइटवर टाकली होती. तक्रार झाली आणि ती काही दिवसांतच उतरवली गेली. म्हणजे पोराने सांगायचं आणि ऐकणाऱ्याने त्याबद्दल काही वाचायचंही नाही.

तमिळनाडूत युनेस्कोने चेन्नईच्या ‘सहोदरन’ या संस्थेबरोबर अशा तरुणांकडून शाळेतले अनुभव गोळा केले. अहवाल २०१९ मध्ये आला. निम्म्याहून जास्त जणांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं, आणि साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांनी शाळा सुटण्यामागे हा छळ हे मोठं कारण असल्याचं सांगितलं. तक्रार करणारे मात्र फारच थोडे. ते राज्य आपल्यापेक्षा या बाबतीत पुढारलेलं आहे: तिथल्या सरकारने मद्रास उच्च न्यायालयात चाललेल्या प्रकरणानंतर २०२२ मध्ये या लोकांना सन्मानाने काय म्हणावं याची यादीच राजपत्रात छापली. आमच्याकडे अजून ‘म्हटलं तर काय बिघडलं’ यावरच वाद आहे.

‘आपल्यात तसलं कोणी नाही’ याला फार वेळ द्यायला नको. २०१२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचा अंदाज दिला होता, २५ लाख. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ लिहिलेले लोक ४,८७,८०३. दोन्ही आकडे जितके सांगायला तयार झाले किंवा यंत्रणेला सापडले तितक्यांचेच. हे तीस लाखांच्या घरातलं माणूसबळ सगळंच्या सगळं मुंबईत राहतं आणि मांजरा नदी ओलांडून अलीकडे येत नाही, असं मानायचं असेल तर माना. माजलगावच्या एका महिला पोलीस शिपायाने २०१७ मध्ये लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. आधी नकार मिळाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, २०१८ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि नोकरी पुरुष म्हणून पुढे चालू राहिली. बीड जिल्ह्यातली ही गोष्ट साऱ्या देशाने वाचली. ‘आपल्यात कोणी नाही’ म्हणणाऱ्यांना आपल्याच तालुक्यातलं माणूस दिसत नाही, कारण त्याने दिसू नये याची तजवीज त्यांच्या जोकनेच करून ठेवलेली असते.

परंपरेचा मुद्दा मात्र वरवरचा नाही, आणि तो मेसेजवाल्याने अर्धाच वापरलाय. शिमग्याला बोंब मारतात, घाण शिव्या देतात, बरोबर. पण शिमग्याची शिवी कोणा एकाला ठरवून नसते. सगळा गाव बोंबलतो आणि सगळ्या गावाच्या नावाने बोंबलतो. सरपंच सुटत नाही, सावकार सुटत नाही. राख कपाळाला लावली की बोंब संपते. एकाच पोराच्या नावाने जून ते मार्च रोज बोंबलायचं आणि त्याला शिमगा म्हणायचं, हे होळीला तरी आवडेल का?

तमाशातल्या मावशीचंही तसंच. गवळणीत लुगडं नेसून, लचकत येणारी मावशी पुरुषच असते आणि लोक तिला हसतात. पण मावशी जीभ सांभाळत बसत नाही. पेंद्या एक बोलला तर ती दोन सुनावते, खुद्द देवाला रस्त्यात अडवून जाब विचारते, आणि हशा तिच्या बाजूने वळतो. परतफेडीचं जे म्हटलं ते इथे रंगमंचावर मांडलेलं आहे. हेही कबूल करायला हवं की फड सुटल्यावर त्याच नाच्याला लोक काय म्हणायचे आणि कसं वागवायचे ते काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही. परंपरेत सगळंच चांगलं होतं असं मी म्हणत नाही, मेसेजवाला म्हणतोय.

आणि परंपराच काढायची तर पुरती काढू. रंगपंचमीच्या दुसऱ्याच दिवशी पैठणला नाथषष्ठी असते. लाखो वारकरी गोदावरीच्या वाळवंटात उतरतात. एकनाथांच्या भारुडात मिशीवाला बाप्या पदर घेऊन जोगवा मागतो, सून होऊन सासरच्यांची गाऱ्हाणी सांगतो, लोक पोट धरून हसतात, आणि हसता हसता घाव बसतो तो ऐकणाऱ्याच्या अहंकारावर. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या, गवळणी, सगळ्या बाईच्या आवाजात. कीर्तनकार धोतर नेसून, टाळ वाजवत ‘मी विरहिणी’ म्हणून गातो आणि समोरचा पाटील डोळे पुसतो. मरीआईचा गाडा घेऊन येणारा पोतराज खणांचा घागरा नेसतो, केस राखतो, आणि गावातली म्हातारी त्याच्या पायावर पाणी घालते. हे सगळं त्याच गावात, त्याच माणसांसमोर. मग बारावीतल्या पोराने केस वाढवले की पहिला शब्द ‘छक्का’ कुठून येतो? तो नाथांकडून आला नाही एवढं नक्की.

‘बाहेरून आलेलं खूळ’ आणि ‘आता काय बोलण्यावरही कायदा आणणार का’ हे दोन मुद्दे भरीला घातलेले आहेत, थोडक्यात उरकतो. बाहेरून आलं ते समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम. १८६० च्या दंडविधानातलं, इंग्रजांनी लिहिलेलं. मराठवाडा तर निजामाच्या राज्यात. भारतीय दंडविधान इथे लागू झालं ते १९५१ मध्ये. ते कलम दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरतं सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी मोडीत काढलं. ‘३७७’ हा आकडा मात्र आमच्या पोरांच्या तोंडात अजून शिवी म्हणून जिवंत आहे, आणि जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत ते कलम उरलेलंच नाही.

कायद्याबद्दल: कोणाला एका शब्दासाठी तुरुंगात घाला असं मी म्हणत नाही, सोळा वर्षांच्या पोराला तर नाहीच. पण नियम आधीपासून आहेत. यूजीसीने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत बदल केला, तेव्हापासून लैंगिक कल किंवा लिंगओळखीवरून विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक त्रास देणं, धमकावणं, वाळीत टाकणं हे रॅगिंग ठरतं. पदवीच्या वर्गातल्या ‘गमती’ला ते लागू आहे. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या १८ व्या कलमात शाब्दिक आणि भावनिक छळाचाही उल्लेख आहे, आणि शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज पुढे ढकलताना निदान आपल्या संस्थेच्या भिंतीवर लावलेला रॅगिंगविरोधी फलक तरी वाचलेला असावा.

एक शंका मित्रांनी तोंडावर विचारली, मेसेजमध्ये नाही पण रास्त आहे: ते लोक आपसात हेच शब्द वापरतात, ते कसं चालतं? चालतं. तिथे दोन्हीकडे तेच माणूस आहे, तेवढंच गमावण्यासारखं आहे, आणि एकाने म्हटलं की दुसरा त्याच्याहून खमंग काहीतरी परत देतो. मेहुण्याचा नियम तिथे पाळला जातो.

राहिली शेवटची ओळ, ग्रुप सोडण्याची. ती आव्हान म्हणून लिहिलीय, पण लोक खरंच सोडतात. आधी ग्रुप म्यूट करतात. मग बॅचच्या गेट-टुगेदरला ‘सुट्टी मिळाली नाही’ म्हणतात. मग पुण्याला नोकरी बघतात आणि दिवाळीला चार दिवस येऊन जातात. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर माझं एवढंच म्हणणं आहे की तेवढी ओळ काढून पाठवा, विशेषतः शिक्षकांच्या ग्रुपवर. बॅचच्या ग्रुपमधून माणूस बाहेर पडला तर त्याचं फारसं काही अडत नाही. बारावीच्या वर्गातून पोरगं बाहेर पडलं तर त्याची मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा हातची जाते, आणि आमच्या लातूरला लोक त्यासाठीच एकर-दोन एकर विकून लेकरं पाठवतात.